तो कुठे चाललाय? (सिंहाचं जगणं, जंगलातलं आणि पिंजऱ्यातलं)

अनुजा_
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेल्या रविवारी भाचीला घेऊन एका प्राणिसंग्रहालयात गेले होते. सिंहाच्या पिंजऱ्यासमोर ही गर्दी. सिंह मागच्या भिंतीला लागून नुसत्या येरझारा घालत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोब्बर तेवढीच पावलं, मग वळायचं, वळताना दरवेळी डोकं एकाच बाजूला झटकायचं आणि परत तेच. ज्या कोपऱ्यात वळायचा तिथे अंग घासून घासून भिंतीच्या चुन्यावर काळपट तेलकट डाग पडला होता, आणि त्याच्या वाटेवर गवताची काडी नव्हती, पायवाटच पडली होती अक्षरशः. लोक शिट्ट्या मारत होते, एकाने तर खडा मारला, सिंहाने वळून बघितलंसुद्धा नाही. भाची सहा वर्षांची आहे, तिने विचारलं, "आत्या, तो कुठे चाललाय?" मला काही सांगताच येईना.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. जंगलात असता तर किती सुखात असता असं सारखं वाटतंय. इथे जंगलं फिरलेली, प्राण्यांवर काम करणारी मंडळी आहेत म्हणून विचारते, जंगलातला सिंह खरंच सुखात असतो का?

पाणवठा
अनुजाताई, चांगला विषय काढलात. सुखात म्हणाल तर नाही. "जंगलाचा राजा" म्हणून म्हणून आपण त्याच्या कष्टांकडे बघतच नाही.

जन्मापासून धरा. सिंहीण साधारण ११० दिवसांनी विते, दोन-तीन, कधी चार पिल्लं, आणि पिल्लं लपवायला ती कळप सोडून झाडीत एकटी जाते. शिकारीला गेली की पिल्लं मागे एकटीच. तरस येतं, बिबट्या येतो, रानरेडे तर मुद्दाम शोधून तुडवतात. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात वर्षानुवर्षं सिंह मोजलेत, तिथे निम्म्याहून जास्त पिल्लं दोन वर्षांची होईपर्यंतसुद्धा जगत नाहीत. भूक हे मोठं कारण. शिकार झाली की आधी मोठे खाणार, पिल्लांच्या वाट्याला उरलं तर उरलं. मादी स्वतः उपाशी असेल तर ती पिल्लाला हाकलते, हे बघवत नाही पण असंच आहे.

आणि शिकार काय हातात ठेवलेली नसते हो. चार वेळा झेपावावं तेव्हा कुठे एकदा मिळते, एकटा असेल तर त्याहूनही कमी. झेब्र्याची लाथ जबड्यावर बसली की जबडा मोडतो. साळींदराचे काटे तोंडात-पंजात रुतले की पिकतात आणि मग चावता येत नाही, चावता येत नाही म्हणजे शिकार नाही, म्हणजे हळूहळू मरण. १८९८ साली केनियात त्सावोला रेल्वेचा पूल बांधताना मजूर खाणारे जे दोन सिंह होते, त्यांच्या कवट्या शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या एकाचा सुळा मोडलेला आणि मुळाशी पू झालेला होता. इतक्या ठणकत्या दाताने रेडा कसा धरणार? माणसं मऊ आणि सोपी, म्हणून तिकडे वळला असणार असं अभ्यासकांचं मत आहे.

मेघना_र
बाप रे. ते नर सिंह पिल्लं मारतात ते खरं का? मी एका डॉक्युमेंटरीत बघितलं आणि टीव्ही बंद केला. आई काहीच करत नाही का?

पाणवठा
खरं आहे मेघनाताई. आई करते की, जीव तोडून लढते, दोघी-तिघी बहिणी मिळून नराला पळवून लावल्याचीही उदाहरणं आहेत. पण नवे नर दोघं-तिघं एकत्र असले तर तिचं चालत नाही. कळपावर एका नराचा ताबा साधारण दोन-तीन वर्षंच टिकतो, तेवढ्यात त्याला आपली पिल्लं वाढवायची असतात, आणि दूध पिणारी पिल्लं असतील तोवर मादी माजावर येत नाही. पिल्लं गेली की थोड्याच दिवसांत येते. म्हणून तो मारतो. त्याला क्रूर म्हणून काय उपयोग, त्याच्याकडेही दिवस मोजकेच आहेत.

मला स्वतःला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अडीच-तीन वर्षांच्या नरांचं. आयाळ धड आलेली नसते, मानेभोवती नुसते झुपके, आणि घरातून हाकललं जातं. जिथे जाईल तिथे कोणाची तरी हद्द. रात्री गर्जना करायची सोय नाही, केली की मालक येऊन फाडणार. भाऊ बरोबर असला तर निभतं. हीच पोरं मग जंगलाच्या कडेकडेने फिरतात, गुरांवर जातात आणि माणसाच्या हातून मरतात.

डॉक_विनय
धागा वाचतोय, पिंजऱ्यातल्या बाजूबद्दल लिहितो कारण माझा संबंध तिकडेच आला. व्हेट (जनावरांचा डॉक्टर) आहे, काही वर्षं एका बचाव केंद्रात काम केलं.

अनुजा, तू जे बघितलंस त्याला आम्ही स्टिरिओटिपी म्हणतो. २००३ मध्ये नेचर मासिकात एक अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की निसर्गात ज्या शिकारी प्राण्यांचा वावर जितक्या मोठ्या टापूत, पिंजऱ्यात त्यांच्या येरझारा तितक्या जास्त आणि पिल्लंही जास्त दगावतात. नुसत्या जागेचा प्रश्न आहे असं मात्र समजू नकोस. सिंह जंगलातसुद्धा दिवसाचे वीसेक तास लोळतोच. फरक हा की तिथे उरलेल्या चार तासांत त्याला काय करायचं ते तो ठरवतो. कुठे जायचं, कोणाच्या शेजारी झोपायचं, कोणाला टाळायचं. पिंजऱ्यात यातलं एकही त्याच्या हातात नाही. मांस ठरल्या वेळी येतं, दार ठरल्या वेळी उघडतं. त्यात तो एकटा ठेवलेला असेल तर अजूनच वाईट, मांजरांच्या कुळात कळप करून राहणारा हा एकच, आणि त्याला एकटं कोंडायचं.

एक केस सांगतो. खाजगी मालकाकडून सोडवून आणलेला चार महिन्यांचा छावा होता. मालकाने लाडाने फक्त बोनलेस चिकन घातलेलं. लोकांना वाटतं मांसाहारी प्राणी आहे, मांस दिलं की झालं. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, जंगलात ते हाडं, कातडं, आतडी सगळं खाऊन भरून निघतं. याच्या अंगात ते कुठून येणार, मग शरीराने ते स्वतःच्याच हाडातून ओढून घेतलं. एक्स-रे लावला तर हाडं जवळजवळ दिसतच नव्हती, मांसाच्या रंगाचीच. मागचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, कुठे पडला नाही लागलं नाही तरी दोन ठिकाणी फ्रॅक्चर. उचलला की ओरडायचा नाही, नुसता माझ्या बाहीत तोंड खुपसायचा. हाडं पुढे भरली पण कणा वाकडाच राहिला. जगला, पण धावला कधीच नाही.

व्हिटॅमिन ए कमी पडलं तर कवटीचं हाड जाड होतं आणि मेंदूचा मागचा भाग दाबला जातो, मग तो प्राणी मान वर करून आभाळाकडे बघत राहतो, तोल जातो. लोक म्हणतात बघा कसा ऐटीत बघतोय. त्याला चक्कर येत असते.

नानाकाका
डॉक्टर, वाचून गलबललं. आमच्या लहानपणी सर्कस म्हणजे सण असायचा. पेटत्या चक्रातून सिंह उडी मारायचा आणि आम्ही टाळ्या पिटायचो. एकदा दुपारी शो नसताना तंबूच्या मागे गेलो होतो, तिथे चाकाच्या गाड्यावर पिंजरे, आणि सिंहाला वळायचं तर अंग दुमडून वळावं लागत होतं इतकी जागा. तोंड उघडं ठेवून धापा टाकत पडला होता, पुढचे सुळे नव्हतेच. तेव्हा कळलं नाही की ते काढून टाकलेत. आता या वयात कळतंय.

१९९८ ला सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद केले, सर्कसवाले कोर्टात गेले पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली. मग त्या सिंहांचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. बरेचसे आफ्रिकन आणि आशियाई यांच्या संकरातले होते, त्यांची पैदास वाढवायची नाही असं ठरलं, आणि बचाव केंद्रांच्या पिंजऱ्यात एकेक करत म्हातारे होऊन गेले. जंगलात सोडता येईना, कारण शिकार माहीत नाही आणि माणसाची भीती नाही.

समीर_७७
काका, अगदी हेच दक्षिण अमेरिकेतल्या सर्कशींचं झालं. पेरू आणि कोलंबियातल्या सर्कशीतून सोडवलेले ३३ सिंह २०१६ मध्ये विमानाने दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात नेले होते, बऱ्याच जणांच्या नख्या उपटलेल्या, दात मोडलेले. पहिल्यांदा पायाखाली गवत आलं. आणि २०१७ मध्ये त्यातल्याच होजे आणि लिसो या दोघांना शिकाऱ्यांनी विष घालून मारलं, अवयवांसाठी. आयुष्यभर पिंजरा, एक वर्ष गवत, मग हे. मला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आणि त्याच दक्षिण आफ्रिकेत सिंह पाळायचा जो धंदा आहे त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण आपल्यासारखी प्राणीप्रेमी माणसंच त्यात फसतात. तिथे तीनशेहून जास्त ठिकाणी मिळून अंदाजे आठ ते बारा हजार सिंह पैदाशीसाठी ठेवलेत, म्हणजे त्या देशातल्या जंगली सिंहांपेक्षा कितीतरी जास्त. माझी मावसबहीण अशा एका ठिकाणी "व्हॉलंटियर" म्हणून पैसे भरून गेली होती, अनाथ छाव्यांना बाटलीने दूध पाजायला. परत आल्यावर सगळ्यांना फोटो दाखवत होती. एकच गोष्ट तिला खटकली होती की एवढे अनाथ छावे रोज येतात कुठून. ते अनाथ नसतातच. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून काढतात, म्हणजे ती लगेच परत माजावर येते आणि परत विते. (वर पाणवठा यांनी नव्या नराचं जे लिहिलंय, तोच प्रकार माणूस वर्षातून दोनदा करतो.) छावा लहान असेपर्यंत पर्यटक मांडीवर घेऊन फोटो काढणार, जरा मोठा झाला की "सिंहाबरोबर फिरा", आणि आयाळ आली की कुंपणाच्या आत बंदूकवाल्यासमोर. माणूस दिसला की तो पळत नाही, जवळ येतो, कारण माणूस म्हणजे दूध हेच त्याला माहीत. मादी असेल तर हाडांसाठी, वाघाच्या हाडांच्या जागी आशियात विकायला. २०१७ मध्ये तर सरकारने ८०० सांगाडे निर्यात करायला अधिकृत परवानगी दिली होती, २०१९ मध्ये तिथल्या कोर्टाने तो कोटा बेकायदा ठरवला, २०२१ मध्ये सरकारने हा धंदाच बंद करणार असं जाहीर केलं. जाहीर केलं, पण इतके हजार सिंह एका दिवसात नाहीसे होत नाहीत.

माझ्या बहिणीला हे कळल्यावर ती फोटो डिलीट करून रडली. कृपया कोणी परदेशात जाऊन छाव्याला मांडीवर घेऊ नका, कोण कितीही अनाथाश्रम म्हणो.

मेघना_र
+१००. मला माहीतच नव्हतं हे. आमच्या ओळखीतल्या दोघांनी असे फोटो टाकलेत, त्यांना हा धागा पाठवते.

कोरा_कागद
सगळं पटतं पण प्राणिसंग्रहालयं सरसकट वाईट असं नका म्हणू. जुनागढचं सक्करबाग १८६३ पासूनचं, गीरच्या सिंहांची पैदास तिथे झाली नसती तर जंगलात काही बरंवाईट झाल्यावर हातात काय राहिलं असतं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आशियाई सिंह अगदी मोजके उरले होते, जुनागढच्या नवाबांनी शिकार थांबवली म्हणून वाचले.

पाणवठा
कोरा_कागद, सक्करबागबद्दल सहमत. पण सगळी अंडी एकाच टोपलीत अशी गत आहे आपली. २०२० ला ६७४ होते, २०२५ च्या मोजणीत ८९१. आनंदच आहे, पण जंगल तेवढंच आणि सिंह वाढले, निम्म्याहून जास्त गीर अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहतात, शेतात, बागांत, रेल्वेच्या रुळांजवळ. पिपावाव बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्यांखाली गेलेत. रात्री गुरांच्या मागे धावताना बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. विचार करा, जमिनीच्या बरोबरीने तोंड, अंधार, आणि आत गुळगुळीत दगड. पोहून पोहून दमतो आणि बुडतो. विहिरींना कठडे बांधायचं काम तिथे वनखात्याने आणि संस्थांनी मोठ्या प्रमाणावर केलंय, ते मला खूप मोलाचं वाटतं. साधे कठडे, पण त्याने जीव वाचतो. शेताला सोडलेला करंट हे अजून एक.

आणि रोग. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखानिया रेंजमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले. कॅनाइन डिस्टेंपर, म्हणजे मुळात कुत्र्यांचा रोग. लस परदेशातून मागवावी लागली. १९९४ मध्ये याच रोगाने सेरेंगेटीतले हजारेक सिंह गेले होते, तिथल्या एकूण सिंहांपैकी एक तृतीयांश. अशा रोगाने सगळे एकदम जाऊ नयेत म्हणूनच सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं होतं की काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवा, सहा महिन्यांत. त्यासाठी कुनोतली २४ गावं आधीच उठवली होती. गावं उठली, सिंह गेले नाहीत. २०२२ मध्ये तिथे चित्ते आले. चित्त्यांशी माझं वैर नाही, पण ज्या माणसांनी सिंहासाठी घरं सोडली त्यांना काय उत्तर द्यायचं?

रानमाणूस२
इथे कोणी गुराख्याच्या बाजूने लिहीत नाहीये म्हणून लिहितो. एका रात्रीत गोठ्यातली तीन जनावरं गेली की त्या घराचं वर्ष गेलं. शहरात बसून "सिंहाची जागा आहे" म्हणणं सोपं आहे. आफ्रिकेत मेलेल्या गाईवर कार्बोफ्युरान टाकतात, शेतातलं कीटकनाशक, पोत्यात मिळतं. मग अख्खा कळप खातो आणि अख्खा कळप मरतो, वर गिधाडंही मरतात. २०१८ मध्ये युगांडाच्या क्वीन एलिझाबेथ पार्कमध्ये असे ११ सिंह गेले, त्यात ८ छावे. विष घालणाऱ्याला मी बरोबर म्हणत नाही, पण तो एकदम राक्षस झालेला नसतो, त्याच्या मागे बऱ्याच रात्री असतात.

केनियात अंबोसेलीजवळ २०२३ च्या मे महिन्यात लूनकिटो नावाचा नर मारला गेला, १९ वर्षांचा. जंगलात नर १०-१२ वर्षं जगला तरी पुष्कळ, हा १९! अंगात शिकारीची ताकद राहिली नव्हती, भुकेने गुरांच्या एका वाड्यात शिरला आणि भाल्यांनी मारला गेला. त्याच आठवड्यात तिथे एकूण दहा सिंह मारले गेले.

पण तिथेच काय चांगलं झालंय तेही बघा. लायन गार्डियन्स म्हणून २००७ पासून एक काम चालतं, पूर्वी सिंह मारून मर्द ठरणारी मसाई या तिथल्या गुराखी जमातीतली पोरंच आता सिंहांच्या मागावर असतात, प्रत्येक सिंहाला मसाई नाव देतात आणि गुराख्यांना सांगतात आज त्या बाजूला गुरं नेऊ नका. ज्या पोराने नाव ठेवलं तो कसा मारेल. आणि नैरोबी पार्कच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मुलाने ११ वर्षांचा असताना वाड्याभोवती उघडझाप करणारे दिवे लावले, सिंहाला वाटतं कोणीतरी बॅटरी घेऊन फिरतंय. त्यांच्या वाड्यावर सिंह यायचे थांबले. मला असे उपाय पटतात, ज्यात गाय पण जगते.

अनुजा_
रानमाणूस, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी या बाजूने विचारच केला नव्हता. डॉक्टर, तुमचा तो छावा डोळ्यासमोरून हलत नाहीये. एक विचारते, पिंजऱ्यात आहेच तो आता, बाहेर सोडता येत नाही, मग आहे तिथे काही करता येतं का?

डॉक_विनय
येतं, आणि फार खर्चही लागत नाही. मांस ताटलीत न देता हाडासकट मोठा तुकडा उंच टांगायचा, म्हणजे उडी मारावी लागते, ओढावं लागतं, तासभर तो कामात राहतो. कधी गवतात लपवायचा, वेळ रोज बदलायची. दुसऱ्या प्राण्याच्या अंगाखालचा पेंढा आणून टाकला तर आमच्याकडची एक म्हातारी सिंहीण अर्धा दिवस त्यात लोळायची, वास घ्यायची. बसायला उंचवटा हवा, जिथून लांबचं दिसेल. लोकांच्या नजरेआड जायला एक आडोसा हवा, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच देत नाहीत, कारण सिंह दिसला नाही की लोक तक्रार करतात. आणि जोडीला कोणीतरी हवं. तू त्या संग्रहालयाला एक पत्र लिही, खडे मारणाऱ्यांबद्दलही लिही. पत्रं वाचली जातात, मी आतल्या बाजूला बसून वाचलीयत.

अनुजा_
लिहिते. आजच लिहिते.

पाणवठा
जाता जाता एकाबद्दल सांगतो, अनुजाताई, भाचीला सांगायला. वर ज्या क्वीन एलिझाबेथ पार्कचं नाव आलं तिथलाच जेकब. २०२० मध्ये शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात पाय अडकला, मागचा एक पाय गेला. तीन पायांचा सिंह जगणार नाही असंच सगळ्यांना वाटलं. त्याच्या नात्यातले काही विषाने गेले. हा राहिला, भाऊ टिबू बरोबर होता म्हणून. २०२४ च्या फेब्रुवारीत संशोधकांनी रात्री ड्रोनच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने या दोघांना पाहिलं, काझिंगा नावाच्या कालव्यासारख्या पाण्याच्या काठावर उभे होते. पाण्यात पाणघोडे आणि मगरी गच्च. उतरले, काहीतरी मागे लागलं म्हणून परत फिरले. पुन्हा उतरले, पुन्हा फिरले. मग शेवटी दोघं सलग पोहत पलीकडे गेले, जवळजवळ दीड किलोमीटर. सिंहाचं एवढं लांब पोहणं त्याआधी नोंदलेलंच नव्हतं. त्या पार्कमध्ये आता नर जास्त आणि माद्या कमी झाल्यात, शिवाय पोहण्याच्या थोड्याच वेळापूर्वी हे दोघं दुसऱ्या नरांशी भांडणात हरले होते, म्हणून माद्या शोधायला पलीकडे गेले असावेत असं संशोधकांना वाटतं. तिथे एक पूल आहे खरा, पण त्यावर माणसांची वर्दळ.

व्हिडिओत पाणी काळं दिसतं आणि दोन पांढरे ठिपके एकामागे एक सरकत जातात. मी तो किती वेळा बघितला असेल याची गणती नाही.

अनुजा_
आत्ता भाचीला व्हिडिओ दाखवला. ती ठिपक्यावर बोट ठेवून शेवटपर्यंत बघत होती. म्हणाली, "आत्या, हा पोचला."